शाळेच्या अ‍ॅपचा डेटा चोरीला गेलाय, मुलाच्या माहितीचं आता काय करायचं?

ऐरोलीची_आई
नमस्कार, जरा घाईत लिहितेय. मुलगा चौथीत आहे, इथेच ऐरोलीत. शनिवारी रात्री वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेचं चार ओळींचं सर्क्युलर आलं, की फी आणि हजेरीचं अ‍ॅप ज्या कंपनीचं आहे त्यांच्या सिस्टीमवर सायबर हल्ला झालाय, पालकांनी सतर्क राहावं. बस एवढंच. काय गेलं, कोणाचं गेलं, काही नाही. मग मी आठवत बसले की अ‍ॅडमिशनला आपण काय काय दिलं होतं, तर तिघांची आधार कार्डं, ह्यांचं पॅन, दोघांच्या ऑफिसचे पत्ते, पगार, मुलाचा रक्तगट, त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे ते, बसचा स्टॉप, आणि सासूबाईंचा फोटो कारण त्याला स्टॉपवर घ्यायला त्या जातात.

खरी भीती मंगळवारी बसली. सासूबाईंना फोन आला, माणूस मराठीतच बोलत होता, आजी आजी करून. मुलाचं पूर्ण नाव घेतलं, चौथी ब म्हणाला, टर्म फी राहिलीये, आज भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत, लिंक पाठवतो. त्यांना यूपीआय जमत नाही म्हणून वाचलो. पण आपल्यामुळे पोराची परीक्षा बुडेल म्हणून त्या दिवसभर जेवल्या नाहीत हो.

आधार नंबर बदलून मिळतो का? शाळेकडे नक्की काय मागायचं? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

घोडबंदर_रोडवाला
ताई, आधी आजींना सांगा की त्यांचं काही चुकलं नाही. मी आयटी सिक्युरिटीत काम करतो, आणि अशा चोरीनंतर सगळ्यात जास्त वापरतात ते हेच, नाव, तुकडी, शाळा. समोरच्याच्या तोंडून नातवाचं नाव ऐकलं की कोणाचाही विश्वास बसतो, मीसुद्धा फसलो असतो.

आधार नंबर बदलून मिळत नाही, पण लॉक करता येतं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या अ‍ॅपमध्ये किंवा साईटवर बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे तुमच्या अंगठ्याचा ठसा वापरून कोणी पैसे काढू शकत नाही. आजींचंही करा, त्यांचं पेन्शन आधारशी जोडलेल्या खात्यात येत असेल तर नक्कीच. मुलाच्या आधारला तुमचा मोबाईल लिंक असेल तर त्याचंही. पुढे कुठेही कॉपी द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

पॅनसाठी क्रेडिट रिपोर्ट बघा, म्हणजे आपल्या नावावर कोणती कर्जं आहेत त्याची नोंद. ती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांनाही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो, तर एकदम चारही काढू नका, दर तीन महिन्यांनी एक असं करा म्हणजे वर्षभर नजर राहते. आपण न घेतलेलं कर्ज किंवा चौकशी दिसली की लगेच तक्रार. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते पण दिसतं. आणि शाळेच्या अ‍ॅपचा पासवर्ड जर तुम्ही जीमेललाही तोच ठेवला असेल तर हे सगळं सोडून आधी तो बदला.

तो मंगळवारचा नंबर संचार साथीवरच चक्षू म्हणून संशयास्पद कॉल कळवायची सोय आहे तिथे रिपोर्ट करा. पैसे गेलेच तर विचार करत न बसता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.

खारघर_निवृत्त_शिक्षिका
अगं, ३१ वर्षं शाळेत होते म्हणून सांगते. आमच्या वेळी जनरल रजिस्टर असायचं, नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आणि ते लोखंडी कपाटात, किल्ली हेडबाईंकडे. आता तीच माहिती सरल आणि यूडायस या सरकारी शाळा-नोंदींच्या सिस्टीममध्ये, फीच्या अ‍ॅपमध्ये, बसवाल्याकडे, आयकार्डचे फोटो काढणाऱ्याकडे. आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते म्हणजे वर्गशिक्षिकेच्या मोबाईलमधली एक्सेल शीट, तिला घाईत मागितली जाते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, तिला कोणी शिकवलेलंच नसतं की हे पाठवू नये. हॅकर लांबचा, ही गळती रोजची आहे.

तेव्हा शाळेला पत्र दे, तोंडी बोलू नकोस. त्यात विचार की माझ्या मुलाची नेमकी कोणती माहिती त्या कंपनीकडे होती, त्यातली कोणती गेली, ठेवायची गरज नसलेली कधी पुसणार. पगाराचा आकडा चौथीच्या मुलाच्या फाईलला कशाला हवा? आधारबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच म्हटलंय की शाळा प्रवेशासाठी ते सक्तीचं करता येणार नाही, पण हे ऑफिसातल्या क्लार्कला माहीतच नसतं.

एकटी जाऊ नकोस. पालक-शिक्षक संघाकडून सह्या घेऊन दिलं की कोणा एकाच्या मुलाकडे बोट जात नाही.

नेरूळ_सेक्टर२१
मॅडमचं पटलं. अजून एक, शाळा किंवा कंपनी म्हणाली की "डेटा परत मिळवलाय, काळजी नको" तर त्यावर जाऊ नका. अमेरिका-कॅनडात पॉवरस्कूल म्हणून शाळांचं मोठं सॉफ्टवेअर आहे, डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या सपोर्ट पोर्टलचं एक चोरलेलं लॉगिन वापरून हॅकर आत शिरले. कंपनीने खंडणी भरली, डेटा डिलीट केल्याची खात्री मिळाली असं सांगितलं, आणि मे २०२५ मध्ये टोरांटोच्या शाळा मंडळाला पुन्हा त्याच डेटावरून पैसे मागणारे मेल आले. तिथे १९८५ पासूनच्या मुलांच्या नोंदी होत्या, म्हणजे जे आज स्वतः आईबाप आहेत त्यांच्या! त्या प्रकरणात गुन्हा कबूल केला तो मॅसॅच्युसेट्सचा १९ वर्षांचा कॉलेजचा पोरगा.

त्यामुळे महिनाभर सांभाळलं आणि संपलं असं नाही. आपली मुलं १८ ची होऊन पहिलं बँक खातं, पहिलं कर्ज घेतील तेव्हाही ही माहिती कुठेतरी असेल.

कायद्याचं कोणाला माहितेय का?

घोडबंदर_रोडवाला
थोडं सांगतो. सर्ट-इन म्हणजे सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कंपनीने त्यांना कळवायचं असतं, तर पत्रात विचारा की कळवलं का आणि कधी. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, १८ खालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती, सुरक्षेत हलगर्जी केली तर २५० कोटींपर्यंत दंड, हे सगळं त्यात आहे, पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यातच १८ महिन्यांची मुदत दिलीये. म्हणून आत्ता पालकांनी लेखी मागणं हाच जोर आहे.

ऐरोलीची_आई
सगळ्यांचे खरंच मनापासून आभार. काल रात्री तिघांचं बायोमेट्रिक लॉक केलं, मुलाच्या आधारला माझाच नंबर निघाला. जीमेलचा पासवर्ड तोच होता, बदलला. बसवाल्या काकांना सांगून स्टॉप बदलता येत नाहीये पण घरात एक शब्द ठरवलाय, आजी सोडून दुसरं कोणी घ्यायला आलं आणि तो शब्द सांगता आला नाही तर बसमधून उतरायचंच नाही. काकांनाही सांगितलंय. शब्द मुलानेच निवडला, इथे लिहीत नाही. सासूबाईंच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय, "शाळेचा फोन आला तर ठेवून द्यायचा आणि सुनेला लावायचा". आज त्या जरा बऱ्या आहेत.

पत्राचा मसुदा केलाय, ११ पालकांनी सही करते म्हटलंय. खारघरच्या मॅडम, मेसेज केलाय, एकदा वाचून बघाल का? सोमवारी सकाळी साडेआठला द्यायला जातोय.

खारघर_निवृत्त_शिक्षिका
आला मेसेज, रात्री वाचते. पत्राच्या दोन प्रती ने आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस.