शेकर नको, तांब्या पुरे

एकाने विचारलंय, शेकर-बिकर (कॉकटेल हलवायचं झाकणाचं भांडं) न घेता गच्चीवर आठ-दहा जणांसाठी कुठलं कॉकटेल करता येईल? आमच्या बेळगावात मार्च-एप्रिलला उत्तर एकच, उर्राक. काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक, पुन्हा काढली की फेणी. उर्राक साधारण १५ टक्क्यांची, फेणी चाळिसाच्या वर, त्यामुळे फेणीचं माप उर्राकला आणि उर्राकचं फेणीला लावू नका! ग्लासात ६० मिली, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ, वर लिम्का. हिरवी मिरची उभी चिरून, बिया झटकून सोडायची. दोन मिनिटांनी तिचा वास वर येतो, तिखटपणा मात्र घशाशीच कळतो.

फक्त गोव्याहून चोर्ला घाटातून डिकीत बाटल्या भरून आणायचा शहाणपणा नको, कणकुंबीला अबकारी नाका आहे. त्यापेक्षा तिकडेच मुक्काम करा.

उर्राक नसेल तर जिन आणि कोकम आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस. ४५ मिली जिनला दोन चमचे आगळ, थोडा साखरेचा पाक, बाकी सोडा. आगळात मीठ असतंच. मी पहिल्यांदा वरून आणखी घातलं, तर मित्र म्हणाला, "लोणच्याची बरणी धुतलास काय रे?" गाडी चालवणाऱ्याला हेच जिनशिवाय द्या, रंग तोच दिसतो, कोण विचारत बसत नाही.

आणि बर्फ दुप्पट आणा. लाईट जाणारच.