पोरांबरोबर 'नाइन-वन-वन' बघताना: तुमचे अनुभव सांगा

घरात सतरा वर्षांचं मूल असलं की सगळ्यांनी मिळून बघावं असं काही सापडत नाही. आपलं त्यांना रटाळ वाटतं, त्यांचं आपल्याला झेपत नाही. आमच्या घरी तह झाला तो 'नाइन-वन-वन' या अमेरिकन मालिकेवर. लॉस एंजेलिसमधलं ११८ नंबरचं फायर स्टेशन, पोलिसातली अथीना आणि कानाला हेडफोन लावून मदतीचे फोन घेणारी माणसं. २०१८ साली सुरू झाली, अजून संपलेली नाही. बचाव पथकं, अ‍ॅम्ब्युलन्स, इमर्जन्सी वॉर्ड असलेली कुठलीही मालिका मोठ्या मुलांसोबत बघत असाल तर लिहा. चांगलं-वाईट, सगळं चालेल.

सुरुवात मीच करते. पहिल्याच सीझनमध्ये अथीनाची मुलगी शाळेतल्या छळाला कंटाळून गोळ्या खाते. मला याची कल्पना नव्हती, नाहीतर तो भाग मी आधी एकटीने बघितला असता. लेकीने पॉज केलं. चादरीचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, "आई, ही बाई जगभरच्या लोकांच्या दारात वेळेवर पोचते. स्वतःच्याच घरात उशीर." मी विचारलं, कुणाबद्दल बोलतेयस? म्हणे, कुणाबद्दल नाही. दहा मिनिटांनी एका मैत्रिणीबद्दल बाहेर आलं. मग मी धीर करून तिलाही सरळच विचारलं, "तुझ्या मनात कधी येतं का असं?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, एवढं मला माहीत होतं. तरी तोंडाला कोरड पडली होती. ती म्हणाली, "नाही गं. आणि विचारलंस ते बरं झालं." मैत्रिणीच्या आईशी दुसऱ्या दिवशी बोलले. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर यातलं एक अक्षर निघालं नसतं. दोघींच्या नजरा टीव्हीवर होत्या म्हणून जमलं.

०००

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. माझ्याबरोबर बसायला घरात कुणी तयार नसतं, कारण मी गप्प राहत नाही. मॉनिटरवर सरळ रेषा आली की हे लोक धावत जाऊन शॉक देतात! अहो, शॉक असतो तो हृदय वेडंवाकडं थरथरत असताना. सरळ रेषेला छाती दाबा, औषध द्या, कारण शोधा. आणि नटांचे कोपर बघा, वाकलेले. त्यांचाही इलाज नाही म्हणा, समोरच्या धडधाकट माणसाच्या छातीवर खरा जोर कसा देणार?

थोरल्याने एकदा वैतागून म्हटलं, "मग तू दाखव." जमिनीवर सोफ्याची जाड उशी ठेवली, मोबाइलवर ठेका लावला, मिनिटाला ११०. (१०० ते १२० मध्ये काहीही चालतं.) हात सरळ, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. जिममध्ये जाणारा मुलगा दीड मिनिटात घामाघूम. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलतात ते त्याला न सांगता कळलं. धाकटीने मात्र खरा प्रश्न विचारला: "असं केलं की सगळे वाचतात?" १९९६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्या वेळच्या अशा मालिका मोजून बघितल्या होत्या. पडद्यावर पाऊणशे टक्के लोक तिथल्या तिथे वाचत होते. प्रत्यक्षात दवाखान्याबाहेर हृदय थांबलं तर दहातला एखादाच घरी जातो. हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ उशीकडे बघत बसली. मग म्हणाली, "पण कुणी दाबलंच नाही तर तो एकसुद्धा नाही." मग पुढची दोन मिनिटं उशीवर तिने काढली.

०००

आम्ही बंद केली. मुलगा नऊ वर्षांचा असताना आमच्या गाडीला अपघात झाला होता. आता अठराचा आहे, 'मला काही होत नाही' म्हणायचा. पण सायरन वाजला की त्याचा पाय हलायला लागायचा. मी म्हटलं, कंटाळा आला मला, दुसरं काहीतरी लावू. लगेच हो म्हणाला.

०००

आमच्या घरात या मालिकेतून एक खेळ निघाला. बाहेर कुठेही असलो की मुलगी अचानक विचारते, "नाइन-वन-वन, काय इमर्जन्सी आहे? आत्ता कुठे आहात?" आणि आपण सांगायचं: रस्ता, जवळची खूण, इमारत, मजला. मला दोनदा सांगताच आलं नाही, ही माझी लायकी. पत्ता आधी सांगितलेला असेल तर फोन कापला गेला तरी मदत येऊ शकते. म्हणून पहिला प्रश्न तो.

गेल्या वर्षी आजी बाथरूममध्ये पडल्या तेव्हा घरात ही एकटीच होती. मी पोचलो तेव्हा फोन स्पीकरवर, आजींच्या अंगावर पांघरूण, दार सताड उघडं आणि खालचा दिवा लावलेला. पलीकडची बाई फोन ठेव म्हणेपर्यंत हिने ठेवला नव्हता. आजींना हलवलंही नव्हतं, खुब्याचं हाड मोडलं होतं. रात्री मात्र माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. मालिकेत हा भाग दाखवत नाहीत फारसा. (आणि हो, ९११ अमेरिकेचा. युरोपात आणि भारतात ११२. मुलांच्या तोंडी मालिकेतलाच नंबर बसतो, तपासून घ्या.)

०००

बक या तरुण फायरफायटरला पहिल्याच भागात नोकरीवरून काढतात, कारण पठ्ठ्या फायर इंजिन घेऊन मुलींना भेटायला जातो. असे प्रसंग आले की आमच्या घरात एकदम सगळ्यांना तहान लागते. मी स्वयंपाकघरात, नवरा स्वयंपाकघरात, आणि बाहेरून मुलगा ओरडतो, "या आता, संपलं!"

०००

चिमनी नावाच्या फायरफायटरच्या कवटीतून सळई आरपार जाते आणि तो वाचतो, तेव्हा माझा भाचा हसून लोळला. "मामा, काहीही दाखवतात!" मी त्याला फिनिअस गेजबद्दल सांगितलं. १८४८, अमेरिकेत रेल्वेचं काम, सुरुंगाचा स्फोट आणि मीटरभर लांबीची लोखंडी पहार डोक्यातून पार. तो पुढे जवळजवळ बारा वर्षं जगला. भाच्याला पटेना, त्याने स्वतः शोधलं आणि हातात पहार घेतलेला गेजचा फोटो मलाच पाठवला, जणू मला माहीत नव्हतं.

तो आता शिकायला दुसऱ्या गावी आहे. (पुढे स्पॉयलर आहे, आठवा सीझन बघायचा असेल तर इथेच थांबा.) २०२५ मध्ये कॅप्टन बॉबी गेला, तेव्हा आम्ही दोघं फोनवर बोलत आपापल्या स्क्रीनवर तोच भाग बघत होतो. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं नेट गेलं.

"आहेस का रे?"

"आहे."

"पुढचा भाग लावू?"

"नको मामा. असाच थांब जरा."