सिंधुदुर्गातलं अनोळखी नेचं: नवी प्रजाती म्हणून मांडायचं तर सुरुवात कुठून?

मुलुंडचं_भिंग
सिंधुदुर्गात सदाहरित जंगलात, साधारण 700 मीटरवर, ओढ्याच्या घळीत एक फर्न आहे. पान 35 ते 40 सेंमी, सोरस (पानाखालचे बीजाणूंचे पुंजके) लांबट, शिरेला धरून. ओळख-किल्ली लावली की अ‍ॅथिरियम या गणापर्यंत (जीनसपर्यंत) गाडी येते, पुढे अडते. जवळात जवळ अ‍ॅथिरियम होहेनॅकेरियानम, पण खवले आणि पानाची जाडी जुळत नाही. एकूण सात झाडं, सगळी त्याच घळीत. वनखात्याची परवानगी आहे. हाताशी फोटो आणि वर्तमानपत्रात दाबलेली तीन पानं आहेत. मुंबईत बसून पुढे काय करायचं? डीएनए आधी करावा का? होलोटाइप, म्हणजे नव्या नावाला आधार असलेला नमुना, कुठे ठेवायचा?

खवले_आणि_शिरा
नवं की जुनं हे नंतर. आधी ते अ‍ॅथिरियम आहे का तेच बघा. तुम्ही मूळखोडाबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही, आणि लांबट सोरस डिपारिया या जवळच्या गणालाही असतात. ओल्या सावलीतला डिपारिया पीटरसेनाय इतकी रूपं घेतो की भल्याभल्यांना चकवतो. त्याचं मूळखोड जमिनीलगत सरपटतं, होहेनॅकेरियानमची पानं मात्र एका झुबक्यातून येतात.

दहापट भिंगाखाली दोन जागा तपासा. पानाच्या मुख्य दांड्यावर वरच्या बाजूने पन्हळ असते. ती पिन्नाच्या (पानाच्या बाजूच्या पात्याच्या) दांड्यात सलग उतरली तर अ‍ॅथिरियम, सांध्यापाशीच बुजली तर डिपारिया. आणि दांड्यावर सांधेदार, मणी ओवल्यासारखे केस दिसले तर डिपारियाच. वाळलेल्या पानात पन्हळ आक्रसते, त्यामुळे तुकडा गरम पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून भिजवा आणि मगच निकाल द्या.

मग बीजाणू. न फुटलेली, तपकिरी, चकाकणारी बीजाणूधानी (बीजाणूंची पिशवी) सुईने उचला, काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप टेकवून हलकं दाबा आणि मोजा. 64 भरले, सगळे घेवड्याच्या दाण्यासारखे एकसारखे, तर झाड लैंगिक. 32 भरले आणि आकाराने मोठे असले तर युग्मनाशिवाय वाढणारं. काळे, चुरगळलेले, लहानमोठे मिसळलेले असले तर संकर. एकाच घळीत सातच झाडं म्हटल्यावर संकराचीच शंका पहिली यायला हवी. संकराला नाव देता येतं, पण गुणाकाराचं चिन्ह लावून. सरळ प्रजाती म्हणून छापलंत तर पुढे कुणीतरी ते खोडून काढणारच. सोरस हिरवे असताना किंवा फुटून गेल्यावर हा खटाटोप फुकट आहे.

मापं द्यायची तर निदान तीन झाडांचे मिळून 30 बीजाणू मोजा. बाहेरचं सुरकुतलेलं आवरण धरून मोजलं की सोडून, ते लिहा. हे न लिहिल्यामुळे दोन लेखांतली मापं एकमेकांशी ताडता येत नाहीत.

फोर्टचा_फायलवाला
तुलनेसाठी लांब जायला नको. सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह (स्थापना 1906), सीएसएमटीहून चालत गाठता येतं. ब्लॅटर आणि डी'आल्मेडा यांचं मुंबई परिसरातल्या नेच्यांवरचं पुस्तक 1922 चं. जुनी नावं आणि जुने नमुने ताडताना ते लागतंच. आधी पत्र पाठवा, वेळ ठरवा. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तेही बघा. परदेशातले टाइप (नावांचे मूळ नमुने) आता ऑनलाइन दिसतात, पण देठाच्या तळाचे खवले त्या स्कॅनवर धड कळतात असं समजू नका.

होलोटाइप म्हणजे एका हर्बेरियममधला एक नमुना. हर्बेरियमचं नाव लेखात छापायलाच हवं (1 जानेवारी 1990 पासूनचा नियम), फोटो चालत नाही. पान मोठं असल्याने दोन शीटवर गेलं तर दोन्हींवर ‘एकाच नमुन्याचा भाग, शीट 1/2’, ‘2/2’ असं लिहा. एवढं राहून गेल्यामुळे नावं अडकलेली आहेत. वर्णन किंवा भेददर्शक टिपण इंग्रजीत चालतं. 2012 पासून लॅटिनची सक्ती उठली.

आणि दाबण्याबद्दल. मुंबईच्या पावसाळी हवेत कागद दिवसातून एकदा बदलून भागत नाही. पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बदला, नाहीतर बुरशी आधी सोरसवर चढते. रविवारची गुळगुळीत पुरवणी बाजूला ठेवा, ती पाणी शोषत नाही. एका पिन्नाची तरी खालची बाजू वर करून दाबा. सगळं पान पाठीवर झोपवलं की चिकटवल्यानंतर सोरस कायमचे झाकले जातात आणि पुढच्या माणसाला गोंद सोलत बसावं लागतं.

पीसीआर_दादर
डीएनए आधी नको, सोबत करा. वर्तमानपत्रात दाबलेली पानं यासाठी भरवशाची नाहीत, पुढच्या वेळी ताजा तुकडा घ्या. दोन-तीन सेंमीचा कोवळा, सोरस नसलेला तुकडा चहाच्या रिकाम्या पिशवीत घालून सिलिका जेलमध्ये ठेवा. जेल पानाच्या वजनाच्या दहापट, आणि एका दिवसात पान कडक वाळायला हवं. जेलचा रंग बदलला की लगेच नवी घाला.

डीएनएचे आरबीसीएल आणि टीआरएनएल-एफ हे दोन तुकडे पुरेत. फर्नमध्ये मॅटके या तिसऱ्या तुकड्याचे प्रायमर (तो उचलणारे छोटे डीएनए) पुष्कळदा चिकटतच नाहीत, तिथे पैसे घालवू नका. पण हे दोन्ही हरितलवकातले, म्हणजे मातेकडून आलेले. त्यामुळे संकर असला तर क्रम आईशी तंतोतंत जुळेल आणि बाप दिसणारच नाही. बीजाणू न बघता नुसत्या डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षावर, म्हणजे फायलोजेनीवर, विसंबलं की इथेच फसगत होते.

मुलुंडचं_भिंग
पन्हळ बघितली. सलग उतरते आहे, सांधेदार केस नाहीत. पण पानं कात्रीने वरूनच कापलेली, देठाचा तळ एकाही नमुन्यात नाही. सोरस हिरवे.

खवले_आणि_शिरा
म्हणजे पुन्हा जावं लागेल, सप्टेंबर-ऑक्टोबरात. अ‍ॅथिरियमची अर्धी ओळख देठाच्या तळाशी असते: तळ फुगून खाली निमुळता होतो का, खवल्याचा रंग दोन छटांचा आहे का. ब्लेडने तळाजवळ आडवा काप घ्या, दोन पट्टीसारख्या वाहिन्या दिसायला हव्यात. झाड उपटू नका. सातपैकी दोन झाडांची तळासकट दोन-दोन पानं आणि मूळखोडाचा अंगठ्याएवढा तुकडा पुरतो, वाढीचं टोक जागेवर राहू द्या.

आणखी एक. धोक्यातल्या प्रजातींच्या (आययूसीएनच्या) यादीसाठी 2×2 किमीच्या चौकटीने तुमचं क्षेत्र 4 चौ. किमी भरेल, म्हणून लगेच ‘अतिसंकटग्रस्त’ लिहू नका. नुसतं क्षेत्र कमी असून भागत नाही, त्यासोबत घट वगैरे निकष पुरे व्हावे लागतात. प्रौढ झाडं 50 पेक्षा कमी हा वेगळा निकष आहे, पण तो लावायच्या आधी शेजारचे तीन-चार ओढे चालून या. आणि लेखात घळीचे नेमके अक्षांश-रेखांश छापू नका. तालुका आणि 100 मीटरच्या पट्ट्यात उंची एवढं पुरे, बाकी हर्बेरियमच्या लेबलवर.