गावच्या खाजनावर मुलांबरोबर काही करायचं आहे : फिल्म, ऑडिओ की नाटक? सल्ला हवा

खाजनकाठ

नमस्कार. मी गोव्यात तिसवाडीतल्या एका बेटावरच्या हायस्कुलात मराठी शिकवते. रोज फेरीबोटीने जाणं-येणं. नववीची चौदा मुलं आणि मी मिळून यंदा गावच्या खाजनावर काहीतरी करायचं ठरवलं आहे, पण ते काय करायचं यावर तीन आठवडे नुसती चर्चा चालली आहे.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की पाण्याच्या रेट्याने झडपा मिटतात, सुकतीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर जातं. जूनच्या पावसात मातीतला खार धुऊन गेला की कोरगुट पेरायचं. हे भात थोडा खार सोसतं. मानशीवर जाळं लावून सुंगटं (कोळंबी) आणि शेवटे, काळुंदरं हे मासे मिळतात आणि त्या मासेमारीची दर वर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते.

आमच्या गावात बांधाला खांड (भगदाड) पडून सात वर्षं झाली. अर्धं खाजन पाण्याखाली आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) वेळी नव्याच्या, म्हणजे नव्या भाताच्या, कणसांची गोष्ट निघाली तेव्हा एक मुलगी सहज म्हणाली, "आम्ही कणसं मावशीच्या गावाहून आणतो." मग कळलं की वर्गातल्या नऊ घरांत कणसं बाहेरूनच येतात. ती शेतं पिकलेली यातल्या एकाही मुलाने पाहिलेली नाहीत.

जवळ बारा हजार रुपये आहेत, तीन मोबाईल आहेत आणि हाताशी चार महिने. मुलांना शॉर्टफिल्म हवी आहे. मला खात्री वाटत नाही. ज्यांनी असं काही केलं आहे त्यांनी सांगा.

रात्रपाळी

कोणाला दाखवणार आहात, त्यावर सगळं ठरेल. पणजीतल्या स्पर्धेला पाठवायची असेल तर सल्ला एक, गावात दाखवायची असेल तर दुसरा.

खाजनकाठ

गावात. आधी गावातच. स्पर्धेचा विचार मुलांच्या डोक्यात आहे (नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आला की ती फिल्मशिवाय दुसरं बोलत नाहीत), पण मला हवंय ते बांधाजवळ राहणाऱ्यांनी बघायला.

आवाजाचा माणूस

बाई, मग ऑडिओ करा. मी पंचवीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम केलं, म्हणून पक्षपाती आहे हे आधीच मान्य करतो. पण कारणं ऐका.

कॅमेरा समोर आला की आपली माणसं शर्ट बदलून येतात, खुर्ची मागवतात आणि पुस्तकातलं बोलू लागतात. सत्तरीच्या पुढची बाई तर "माका कितें कळटा" म्हणून आत जाते. तोच मोबाईल उलटा करून पाटावर ठेवला, मुलगी शेजारी कणगं सोलत बसली, की दहा मिनिटांत ती मोबाईल विसरते. मग जे येतं ते सोनं असतं.

आणि खाजनाचा अर्धा जीव आवाजात आहे. सुकती लागताना मानशीच्या झडपा कशा कुरकुरतात, पाणी सुटतं तेव्हा पहिल्यांदा घरघर आणि मग एकसारखा घोष, जाळं ओढताना सुंगटांचा टकटकाट. अमावास्या-पुनवेच्या आसपास मोठी सुकती असते. तेव्हा रात्री जाऊन ते टिपा, मोठी माणसं बरोबर घेऊन. मुलांनी ऐकलेलं नसेल.

कामाच्या गोष्टी. पंखा आणि फ्रिज बंद करा. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका. कॉलर माईक पाचशे-सातशेत मिळतो, त्यावर स्पंजचा तुकडा बांधा, खाडीवरचा वारा फार त्रास देतो. प्रत्येक जागी कोणी काही न बोलता तीस सेकंद नुसता आसपासचा आवाज घ्या, जोडताना हाच उपयोगी पडतो. जोडणीला ऑडॅसिटी घ्या, फुकट आहे.

साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८पासून चालतं, गावच्या बायकाच त्यावर बोलतात. तुम्हाला केंद्र काढायचं नाही, पण पाच-सात मिनिटांचे पाच भाग करून ते देवळाच्या चौकात लाऊडस्पीकरवर लावता येतील की. आणि उमाळा आणणारं पार्श्वसंगीत घालू नका. पौषात ढालो (बायकांची नाच-गाणी) होतात, तिथल्या बायकांना विचारून त्यांचं गाणं घ्या.

फोंड्याची ताई

ऑडिओला माझं अनुमोदन, पण फोटोही विसरू नका. नव्वदच्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हातात कॅमेरे देऊन त्यांच्या रोजच्या जगण्याचे फोटो त्यांनाच काढायला सांगितले होते. कॅरोलाईन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी त्या पद्धतीला फोटोव्हॉइस असं नाव दिलं. फोटो ज्याने काढला त्यानेच त्याच्याबद्दल बोलायचं, हा त्यातला गाभा.

आमच्या महिला मंडळात आम्ही विहिरींवर केलं होतं. एकीने फक्त रहाटाच्या दोरीचा फोटो आणला, दोरीला तीन गाठी. ती म्हणाली, पाणी जसं खाली गेलं तशी दोरी तीनदा वाढवली. आम्ही लिहिलेल्या भाषणात असं एक वाक्य नव्हतं.

मुलांना सांगा, प्रत्येकाने घरातली खाजनाची एक वस्तू शोधायची. कोयता, जाळं, भाताचं माप, जुनी पावणीची पावती, काहीही. एक फोटो आणि खाली घरच्या माणसाचं एक वाक्य, जसं बोललं तसं, कोंकणीत तर कोंकणीत. दहा बाय बाराच्या प्रिंटा काढून फेरीधक्क्यावरच्या शेडमध्ये दोरीला चिमट्यांनी लावा. बोटीची वाट पाहणारा माणूस बघितल्याशिवाय राहत नाही.

आगरवाडा

हे थोडं कडू आहे, पण लिहितो.

सहा वर्षांपूर्वी मी एका संस्थेसाठी अशीच फिल्म केली. गाव सांगत नाही. एका म्हाताऱ्याने कॅमेऱ्यासमोर पावणीच्या पैशांबद्दल सांगितलं. कोणाकडे किती गेले, बांधावर किती लागले. बोलताना त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, हाच फिल्मचा प्राण. संस्थेने ती गावात दाखवायच्या आधीच फोनवरच्या गटांमध्ये सोडली. दोन दिवसांत सगळ्या तालुक्यात फिरली. म्हाताऱ्याने स्वतः ती पाहिली ती पुतण्याच्या मोबाईलवर, आणि तोवर शेजारचं घर त्याच्याशी बोलायचं बंद झालं होतं. मुंडकारपणाचा (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घराच्या हक्काचा) दावा आधीच चालू होता, त्यात ही भर. मी माफी मागायला गेलो. त्याने चहा दिला आणि एवढंच विचारलं, "माका आदीं कित्याक दाखयलें ना?" (मला आधी का दाखवलं नाही?)

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. ज्याचा आवाज किंवा चेहरा घेतला, त्याच्या घरी जाऊन जोडलेलं काम आधी त्याला ऐकवायचं, आणि तो "हे काढ" म्हणाला तर काढायचं. वाद घालायचा नाही, तेच सगळ्यात चांगलं वाक्य असलं तरी. सही पहिल्या दिवशी घेऊ नका, ऐकवल्यानंतर घ्या. पहिल्या दिवशी माणसाला माहीतच नसतं आपण काय बोलणार आहोत ते. मुलांच्या पालकांची परवानगी वेगळी, ती लेखीच घ्या.

बाई, खाजनाची गोष्ट म्हणजे कूळ, मुंडकार, गांवकारी (गावच्या सामायिक जमिनीची जुनी व्यवस्था), पावणी. चौदा वर्षांच्या मुलांना त्यात उतरवताना हे लक्षात ठेवा.

रात्रपाळी

आगरवाडा यांचं म्हणणं मोलाचं आहे. यावरून कॅनडातल्या फोगो बेटाची आठवण आली. न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्याजवळचं बेट, कोळ्यांची वस्ती. १९६७मध्ये तिथली माणसं हलवायचा सरकारी विचार चालला होता. तेव्हा कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे कॉलिन लो तिथे गेले. एक मोठा माहितीपट करण्याऐवजी त्यांनी सत्तावीस छोट्या फिल्म केल्या, एकेका माणसाच्या, एकेका प्रसंगाच्या. ज्याची फिल्म त्याला आधी दाखवायची, नको असेल ते काढायचं, मग बेटावरच्या वेगवेगळ्या वस्त्यांत पडदा लावायचा. एकाच बेटावरच्या माणसांनी एकमेकांचं म्हणणं असं ऐकलं. मग त्या फिल्म सरकारकडे गेल्या आणि मंत्र्यांचं उत्तरही चित्रित होऊन बेटावर आलं. माणसं हलली नाहीत, त्यांनी कोळ्यांची सहकारी संस्था उभी केली.

माझ्या मते तुम्ही घ्यायचं ते हे : एक मोठं काही करू नका. छोटे छोटे तुकडे करा, आणि दाखवून झाल्यावर तासभर बोलायला ठेवा. खरं काम त्या तासात होतं.

रंगपट

नाटकाबद्दल कोणीच बोललं नाही याचं वाईट वाटलं. गोव्यातलं खेडं जत्रेच्या नाटकावर आणि काल्यावर वाढलं आहे. सत्तरीत रणमालें आहे, पेरण्यांचा जागर आहे, ख्रिस्ती वाड्यांवर तियात्र (कोंकणी नाटक) आहे आणि तियात्रातल्या कांतारांनी (गाण्यांनी) आजवर कोणाचीही भीड ठेवलेली नाही. १८९२मध्ये मुंबईत पहिलं तियात्र झालं तेव्हापासून ही रीत आहे. गावातलं दुखणं गावासमोर मांडायची आपली सवय जुनी आहे.

पूर्ण नाटक नको, चार महिन्यांत तालीम होणार नाही. पण ऑडिओच्या दोन भागांच्या मध्ये मुलांनी दोन-दोन मिनिटांचे प्रवेश करावेत. एक मुलगा भरती, एक सुकती, चौघं मिळून झडपा. घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवणारा एखादा मुलगा असेलच वर्गात. बांध फुटतो तो क्षण आवाजाने नाही, घुमट एकदम थांबवून दाखवा.

एक विनंती : मुलांना गावातल्या कोणा खऱ्या माणसाची नक्कल करू देऊ नका. टाळ्या पडतात आणि घरं दुखावतात.

मोप वारा

ड्रोनचा मोह टाळा. बेटावर पक्षी अभयारण्य असेल तर वनखात्याची परवानगी लागेल, नौदलाच्या विमानतळामुळेही बंधनं आहेत. आणि पैसे त्यातच संपतील.

जमलं तर मे महिन्यात मुलांना सांगे तालुक्यात कुर्डीला न्या. साळावली धरणाखाली गेलेलं गाव, पाणी ओसरलं की वर येतं आणि जुने गावकरी देवळाजवळ आणि खुरसाजवळ (क्रूसाजवळ) जमतात. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते. जमिनीची आठवण माणसं कशी सांगतात हे मुलांना तिथे समजेल. लेक्चर नको.

खाजनकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चार महिन्यांनी लिहिते आहे, कारण काम झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पाच ऑडिओ भाग केले, बावीस फोटो लावले, तीन प्रवेश बसवले. खर्च अकरा हजार चारशे, त्यातले निम्मे प्रिंटांवर. फोटो आठवडाभर फेरीधक्क्यावर होते. वाऱ्याने दोन गेले, ते बोटीवरच्या कामगारांनी पाण्यातून काढून वाळवून परत दिले.

सगळ्यात जास्त वेळ गेला घरोघरी ऐकवण्यात. मुलांना आधी कंटाळा आला. पण तिसऱ्या घरी एका आजोबांनी स्वतःचा भाग ऐकून पुन्हा लावायला सांगितला आणि मग म्हणाले, अजून एक घ्या. तेव्हा जे बोलले ते आमच्या सगळ्या कामाच्या मध्यभागी आहे : "बांद फुटलो म्हणून शेत गेलें न्हय. शेत सोडलें म्हणून बांद फुटलो." आम्ही सगळी गोष्ट उलटी रचली होती. बांध फुटला, मग शेती गेली, असं. ते म्हणाले, शेतात माणूस असेपर्यंत खेकड्याचं एक बीळ दिसलं तरी त्याच दिवशी चिखल आणि पेंढा घालून बुजवत. माणूस नोकरीला गेला, मग बीळ कोण बघणार? आम्ही भागांचा क्रम बदलला.

देवळाच्या चौकात रात्री आठला कार्यक्रम झाला. साठ-सत्तर माणसं होती. घुमट थांबलं तेव्हा चौकात कोणी हललं नाही. त्यानंतरचा तास सोपा गेला नाही. पैसे कोणी खाल्ले यावर दोघे तावातावाने बोलले, एकजण उठून गेला. आजोबांच्या म्हणण्याला एका बाईने समोरच उत्तर दिलं, "आमी सोडलें ना, पिकूंक पुरो जाल्लें ना." (आम्ही सोडलं नाही, पिकवून पुरत नव्हतं.) तेही आम्ही मुद्रित केलं, दोघांना ऐकवलं आणि दोघांच्या परवानगीने सहावा भाग केला. पुढच्या रविवारी पंधरा माणसं खांड बघायला बांधावर गेली, त्यात माझी सहा मुलं होती. दुरुस्ती किती मोठी आहे ते तिथे गेल्यावर कळलं. हातांनी होणारी नाही, कूळ संघाची बैठक बोलवायची ठरली आहे.

आता एक सल्ला हवा आहे. या फायली नीट कुठे ठेवाव्यात? मुलांच्या फोनवर त्या वर्षभरही टिकणार नाहीत. ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात ध्वनिमुद्रण देण्याची रीत कोणाला माहीत असेल तर सांगा.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा, पाच भाग पाठवते. दुसरा भाग मागू नका. तो ज्या आजींचा आहे त्यांनी कार्यक्रमानंतर चार दिवसांनी मला बोलावून परत मागितला, आणि मुलांनी त्यांच्यासमोरच तो तिन्ही फोनवरून काढून टाकला.