विषय: अमळनेरची जुनी मारुती, थंडीत टकटक

सर्वांना नमस्कार,

मंडळाच्या लिस्टवर गाडीचा प्रश्न विचारते आहे, कारण आपल्यात भुसावळ, जळगाव, धुळ्याकडचे बरेच जण यंत्रांच्या कामातले आहेत.

अमळनेरला आमच्या नानांकडे १९९८ची मारुती ८०० आहे. कार्बोरेटरवाली, फक्त पेट्रोलवर चालणारी. नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घेत त्यांनी ती जपली आहे. शेतावर, बाजारात, कधी आईला घेऊन धुळ्याला, एवढाच तिचा फेरा. दिवाळीनंतर थंडी पडल्यापासून सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टक-टक-टक आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की टकटकही त्याच वेगाने वाढते. मारवडच्या रस्त्याला लागून थोडं पुढे गेलं की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. दुपारी गरम गाडी पुन्हा चालू केली तर काहीच नाही.

मेकॅनिकने आवाज ऐकून सांगितलं, "नाना, इंजिननं काम काढनं पडी." म्हणजे हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायचं, कदाचित बोअरही मारायचं (सिलिंडर आतून कोरून घ्यायचे). नाना माझ्या होकारासाठी थांबले आहेत. मी इथे मेलबर्नला बसून काय सांगू? इंजिन खोलण्याआधी आणखी काही पाहता येईल का?

– अमळनेरची लेक

---

ताई,

आमच्या चाळीसगावच्या गाडीला असंच झालं होतं. दाट ऑइल टाकलं, आवाज कमी झाला. टॅपेटचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणाऱ्या भागाचा आवाज असणार. जुन्या गाडीला २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइल घालायला सांगा, एवढा मोठा खर्च लगेच करू नका.

– चाळीसगावकर, सिडनी

---

ताई,

नानांना म्हणावं, हेडला हात लावू देऊ नका. निदान अजून तरी नाही. मी भुसावळचा, उभा जन्म इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात मोलाची गोष्ट एकच आहे: आवाज थंडीत येतो आणि इंजिन तापलं की जातो. बाकीचा तपास त्याच्याभोवती फिरवायचा.

चाळीसगावकरांनी टॅपेटचं नाव घेतलं, ते स्वाभाविक आहे. टकटक म्हटलं की पहिला संशय तिथेच जातो. पण या इंजिनात टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट स्क्रू आणि लॉकनटने लावतात, ऑइलच्या दाबाने आपोआप भरून निघणारे हायड्रॉलिक टॅपेट यात नाहीत. हायड्रॉलिक टॅपेट थंड असताना वाजतात आणि ऑइल चढलं की गप्प होतात. स्क्रूवाल्याचं तसं नसतं. हेड ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह पोलादाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम जास्त फुगतं, त्यामुळे फट कमी न होता उलट वाढते. म्हणूनच मॅन्युअलमध्ये गरम इंजिनाच्या फटीचा आकडा थंड इंजिनाच्या आकड्यापेक्षा मोठा दिलेला असतो. अशा इंजिनात टॅपेट सैल असते, तर गाडी तापल्यावरही ते वाजत राहिले असते. तापल्यावर नाहीसा होणारा आवाज टॅपेटचा असण्याची शक्यता मला कमी वाटते.

मग कोणाचा? माझा संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (जळलेला गॅस इंजिनातून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागाच्या) पॅकिंगवर आहे. हेडला जिथे मॅनिफोल्ड बसतो, तिथलं पॅकिंग जळलं किंवा एखादा नट सैल झाला, की दर स्फोटाला दाबातला गॅस त्या बारीक फटीतून सुटतो. तो फुस्स असा येत नाही, तुकड्यातुकड्याने सुटतो आणि कानाला हुबेहूब टॅपेटसारखा लागतो. लोखंड तापून फुगलं की फट दबते आणि आवाज बंद. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा हा दोष ठळक होतो. मे महिन्यात तीच गाडी कदाचित तक्रारच करणार नाही.

आवाजाची लय मोजून या दोघांत निवाडा होत नाही, हेही सांगून ठेवतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. गाडी ९०० आरपीएमवर (क्रँकच्या मिनिटाला ९०० फेऱ्या) उभी असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४५० वेळा उघडतो, आणि एका सिलिंडरमध्ये स्फोटही मिनिटाला ४५०च होतात. दोन्ही आवाज एकाच तालात. म्हणून मेकॅनिकचा कान फसला असेल तर त्यात त्याचा दोष मानू नका.

आता तपास. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. तापलेल्या गाडीवर यातलं काहीच कळणार नाही.

चालू करण्याआधी ऑइलची पट्टी काढून पातळी पाहायची. ऑइल खालच्या खुणेच्या जवळ असेल तर आधी ते भरा. चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लगेच विझतो का, तेही पाहा. तो दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळला तर गाडी बंद करा, आधी ऑइलचा दाब गेज लावून मोजून घ्या, आणि मग बाकी सगळं.

नंतर मेकॅनिकने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर ठेवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची. टॅपेट वाजत असेल तर टकटक थेट डोक्यात येते. मॅनिफोल्डसाठी मात्र स्क्रूड्रायव्हर उपयोगाचा नाही, हातभर रबरी पाइप घ्यायचा. एक टोक कानाजवळ, दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवत न्यायचं, पण त्याला टेकवायचं नाही. गॅस सुटतो तिथे आवाज एकदम मोठा होतो. नाना स्वतः वाकून पाहणार असतील तर गळ्यातला रुमाल आधी काढून ठेवायचा. पंखा आणि बेल्ट कोणाला ओळखत नाहीत.

आणखी एक खूण आहे. मॅनिफोल्डवर पत्र्याचं झाकण असेल तर ते इंजिन थंड असताना काढा आणि पॅकिंगच्या कडेला बॅटरीचा झोत मारा. गॅस सुटत असेल तर तिथे काजळीचा काळा फराटा दिसतो. त्यानेही समाधान झालं नाही तर गाडी नुकतीच चालू केलेली असताना कोणीतरी सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबून धरावं. आतला दाब वाढतो आणि फटीतली टकटक जोरात येते. टॅपेटला याने काही फरक पडत नाही.

तळातून येणारा आवाज वेगळा असतो. बेअरिंगचा ठोका जड आणि खोल, इंजिनावर ओझं आलं की वाढणारा. तापून ऑइल पातळ झालं की तो आणखी बिघडतो, बरा होत नाही. नानांच्या गाडीचं वागणं नेमकं उलट आहे. बोअर मारण्याचं कारण मला तुमच्या मेलमध्ये कुठेच सापडत नाही.

दाट ऑइलबद्दल: उन्हाळ्यात खानदेशात २०डब्ल्यू-५० चालतं, त्याला माझी ना नाही. पण गॅसची गळती ऑइलने बंद होत नाही, आणि थंडीच्या पहाटे दाट ऑइल वर चढायला वेळ लागतो.

एक काळजीची गोष्ट. मॅनिफोल्डमधून सुटलेल्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला वास नसतो. तो हवेच्या झडपेतून आत येऊ शकतो आणि थंडीत आपण काचा वर करून बसतो. दुरुस्ती होईपर्यंत नाना-आईंनी काचा थोड्या खाली ठेवूनच बसावं. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून उभं राहू नये. हे त्यांना आजच फोन करून सांगा.

– भुसावळचे काका

---

काका,

तुमचा मेल मिळाल्या मिळाल्या फोन केला. काचांचं आधी सांगितलं, मग बाकीचं. तुमचं सगळं लिखाण मी नानांना व्हॉट्सॲपवर पाठवलं, आणि त्यांनी ते गॅरेजमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. मेकॅनिकने मनापासून ऐकलं आणि गाडी रात्री गॅरेजमध्येच ठेवून घेतली.

सकाळी ऑइलची पातळी ठीक निघाली, दिवा लगेच विझला. टॅपेट कव्हरवर बारीक नेहमीचा आवाज, त्यापलीकडे काही नाही. रबरी पाइप फिरवला तर एका टोकाच्या सिलिंडरपाशी टकटक एकदम मोठी. तिथेच काजळी होती. झाकण काढल्यावर कळलं की त्या बाजूचा एक स्टड (नट बसतो तो आटेदार दांडा) तुटून नट गायबच झाला होता, आणि शेजारचा नट हाताने फिरत होता.

पॅकिंग जळगावहून मागवलं आहे. मेकॅनिक विचारतो, मॅनिफोल्ड काढल्यावर नवीन पॅकिंग टाकून लगेच आवळू का?

– अमळनेरची लेक

---

ताई,

त्याने विचारलं हे फार चांगलं केलं. लगेच आवळू नये.

तुटलेल्या स्टडवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्यावं, मगच काढायला घ्यावा. घाईत फिरवला तर तो आतच मोडेल, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले तर खरोखरच हेड उतरवायची वेळ येईल. निघतच नसेल तर ड्रिलचं काम लेथवाल्याकडे द्यावं, गॅरेजमध्ये अंदाजाने करू नये.

मॅनिफोल्ड निघाल्यावर त्याच्या तोंडावर लोखंडी सरळ पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का पाहायचं. एक नट नसताना बरेच दिवस चालल्यामुळे तो वाकलेला असू शकतो. उजेड दिसला तर लेथवर फेस मारून (तोंड सपाट करून) घ्यायचा, नाहीतर नवं पॅकिंगही पुढच्या थंडीपर्यंत जळेल. जुन्या पॅकिंगचे तुकडे हेडवरून खरवडताना पात्याने ओरखडे पडू देऊ नयेत. नट सगळे नवे घ्यावेत. आवळताना मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना जायचं, दोन-तीन फेऱ्यांत, एकदम पूर्ण ताकदीने नाही. गाडी तापून पुन्हा पूर्ण थंड झाली की एकदा परत पाना लावून पाहावा.

आणि टॅपेट अजिबात वाजू नयेत म्हणून त्यांना आणखी घट्ट करू नये, हे मेकॅनिकला आवर्जून सांगा. थोडा सैल टॅपेट आवाज करतो. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्ह सीटला (हेडमधल्या त्याच्या बसण्याच्या कड्याला) टेकला की त्याची उष्णता हेडमध्ये जाते. तो टेकलाच नाही तर त्याची कडा जळते.

– भुसावळचे काका

---

काका, तुमच्या शेवटच्या मुद्द्यावरून विचारतो. शहाद्याला माझ्या मोठ्या भावाची जुनी गाडी गॅसवर आहे. टॅपेटचा आवाज कधीच येत नाही, म्हणून कधी तपासलेही नाहीत. ठीक आहे ना?

– शहाद्याचा, पर्थ

---

नाही, ते तपासायलाच हवेत. गॅस हे कोरडं इंधन आहे. त्यावर जुन्या इंजिनाची एक्झॉस्टची सीट झिजते, व्हॉल्व्ह थोडा थोडा हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची फट बंद होत जाते. आवाज येत नाही, उलट आधी असलेलाही कमी होतो. पुढे सकाळी गाडी उशिरा चालू होते, एक सिलिंडर नीट पेट घेत नाही, तेव्हा लोक प्लग बदलत बसतात. भावाला सांगा, इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून प्रत्येक व्हॉल्व्हची फट मोजून घ्यावी, आणि आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरावा. एक्झॉस्टच्या फटीकडे जास्त लक्ष द्यावं. मोजलेले आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवले तर पुढच्या वेळी झीज किती झाली ते कळेल.

– भुसावळचे काका

---

काका,

मॅनिफोल्ड वाकलाच होता. लेथवर फेस मारला, स्टड तेल मुरल्यावर सुखरूप निघाला. आज पहाटे नानांनी फोन बॉनेटजवळ धरून मला इंजिन ऐकवलं. मागून मेकॅनिक म्हणत होता, "आते आवाज बंद व्हयना, ताई." हेड जागेवरच आहे. थंड झाल्यावर पुन्हा पाना लावायला नाना परवा गाडी घेऊन जाणार आहेत.

– अमळनेरची लेक