मदत हवी आहे : 'ऑलमोस्ट फेमस' पाहिलेल्यांची मते

आमच्या चित्रपट मंडळात लवकरच कॅमेरॉन क्रो यांचा 'ऑलमोस्ट फेमस' (२०००) दाखवायचा आहे आणि नंतरच्या चर्चेचे सूत्रसंचालन माझ्याकडे आहे, म्हणून ज्यांनी तो पाहिला आहे त्यांची मते हवी आहेत. १९७३ साली 'रोलिंग स्टोन' मासिकासाठी एका रॉक बँडबरोबर दौऱ्यावर निघालेल्या १५ वर्षांच्या विल्यमची ही कथा दिग्दर्शकाच्या स्वतःच्या किशोरवयावर बेतलेली आहे.

माझी खरी अडचण पेनी लेन या पात्राची आहे. बँडमागे फिरणाऱ्या कोवळ्या मुलींचे शोषण स्मरणरंजनाच्या गोडव्यात झाकले जाते, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. मात्र ५० डॉलर आणि बिअरच्या खोक्यावर आपल्याला दुसऱ्या बँडच्या हवाली केले, हे विल्यमकडून कळल्यावर ती डोळे पुसून, कसनुसे हसत, बिअर कोणती होती एवढेच विचारते. तो प्रसंग पाहताना दिग्दर्शकाला सारे नीट कळत होते, असेच माझे मन सांगते. आपल्याला, विशेषतः स्त्री प्रेक्षकांना, काय वाटले?

दुसरे म्हणजे, नंतर आलेली विस्तारित आवृत्ती अर्ध्या तासाहून अधिक लांब आहे. भांडणानंतर अबोल बसलेली मंडळी बसमध्ये एल्टन जॉनचे 'टायनी डान्सर' हळूहळू गाऊ लागतात, तो प्रसंग मूळ आवृत्तीतच अधिक भिडतो, असे माझे मत आहे. दोन्ही आवृत्त्या पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे. १५-१६ वर्षांच्या मुलांना सोबत बसवावे का, हेही पालकांनी सांगावे.