गोगलगायींनी मिरचीचा तरवा खाल्ला, विषाच्या गोळ्या न टाकता काय करू?

मंडळी, नमस्कार. संगमेश्वरकडे आमचं घर आहे, मागे परस. दरवर्षी मृगात भेंडी, पडवळ, काकडी, मिरची लावते. यंदा मिरचीचा तरवा लावून चौथ्या दिवशी सकाळी बघते तर 60 मधली 11 रोपं उभी. बाकीच्यांचे नुसते बुडखे आणि मातीवर पडवळाच्या मांडवापर्यंत गेलेला चिकट, चकचकीत माग.

रात्री बॅटरी घेऊन गेले. दोन जातीच्या आहेत. एक शंखवाली, तपकिरी पट्ट्यांची, मोठी आफ्रिकन गोगलगाय. दुसरी बिनशंखाची, काळपट, चपटी. ती दिवसा नारळाच्या सोडणांखाली आणि कुंड्यांच्या बुडाशी दडते. एक कुंडी उचलली तर खाली पिवळट, साबुदाण्यासारख्या अंड्यांचा पुंजका! हाताला प्लास्टिकची पिशवी बांधूनच वेचली. यांच्यात मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जंत असू शकतो, म्हणून मुलांना जवळ येऊ देत नाही.

चुलीतली राख वाफ्याभोवती टाकली, एका सरीत वाहून गेली. चुन्याचंही तेच. कोणीतरी सांगितलं म्हणून वाफ्याच्या कडेला मीठ टाकलं, ती मात्र माझी मोठी चूक झाली. गोगलगायी मेल्या, पण त्या कडेच्या भेंडीची पानं करपली आणि ती रोपं काही सावरली नाहीत. मीठ बादलीतल्या पाण्यात, मातीत कधीच नाही.

खरा उपयोग झाला तो गोणपाटाचा. माझी नणंद लातूरला असते. 2022 मध्ये तिकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाल्ली, तेव्हा ते लोक गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकायचे. तसंच केलं. संध्याकाळी पोतं टाकायचं, पहाटे उलटायचं, चिकटलेल्या सगळ्या मिठाच्या पाण्यात. पहिल्या सकाळी 83 मोजल्या. पण पंधरा दिवस झाले तरी रोज तीस-चाळीस निघतातच. मला वाटतं त्या जांभ्याच्या गडग्यातून येतात, त्याच्या फटी ओल्या आणि शेवाळलेल्या आहेत.

दुकानदाराने मेटाल्डिहाईडच्या गोळ्या दिल्यात. पुडा तसाच माळ्यावर ठेवलाय, कारण पडवीत मांजर व्यालीये आणि या गोळ्या कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततात. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या त्या मानाने पुष्कळ सौम्य असतात म्हणे. रत्नागिरी-चिपळूणकडे कोणाला मिळाल्यात का? आणि गडग्याचं काय करू? सासऱ्यांच्या हातचा आहे, पाडायचा नाहीये.

काकडीवर लाल भुंगेरेही आलेत, पण ते सकाळी सुस्त असताना हाताने वेचता येतात, त्यांची एवढी काळजी नाही.

प्रतिसाद

ताई, गडगा पाडू नका. आमचाही तसाच होता. पावसाळ्यात पोतं वाफ्याजवळ न टाकता गडग्याच्या पायथ्याशी टाका, म्हणजे त्या रोपांपर्यंत पोचायच्या आधीच सापडतील. सोडणं आणि पडलेल्या झावळ्या परसातून पार लांब न्या. खरं काम मात्र उन्हाळ्यात आहे. शंखवाल्या तेव्हा तोंडावर पांढरा पापुद्रा ओढून फटींत झोपलेल्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये चिमट्याने एकेक काढायच्या आणि फटी चुना-मातीने लिंपायच्या. आम्ही दोन उन्हाळे केलं. पहिल्या पावसात निघणाऱ्या बऱ्याच कमी झाल्या. मिरची या वर्षी पिशव्यांत वाढवा, वीतभर झाली की लावा. कोवळी असतानाच त्यांना जास्त आवडते.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, पायथ्याला पोतं टाकायचं सुचलंच नव्हतं, आजच टाकते. लिंपताना चुना किती आणि माती किती घेतलीत?